शिराकामीच्या बीच जंगलात जाण्याआधी

उत्तर जपानमधल्या आओमोरी आणि आकिता या प्रांतांच्या सीमेवर शिराकामी-सांची हे बीच वृक्षांचं डोंगरी जंगल आहे. १९९३ पासून ते जागतिक वारसा आहे, सुमारे १७,००० हेक्टर. गाभ्यात जायचं असेल तर आधी नियम बघा: आओमोरीच्या बाजूने आगाऊ सूचना देऊन फक्त ठरलेल्या मार्गांनी जाता येतं, आकिताकडून मात्र प्रवेश जवळपास बंदच. पहिल्यांदा जाणाऱ्याने आन्मोन धबधबा किंवा जूनिकोची तळी निवडावीत, तेवढ्यातही भरपूर बघायला मिळतं. आन्मोनच्या वाटेवर दगड सुटतात, हेल्मेट घालाच.

हिवाळ्यात इथे प्रचंड बर्फ पडतो. उतारावरच्या खोडांचा बुंधा खालच्या अंगाला वाकलेला दिसतो, तो याच बर्फाच्या रेट्याने. वसंतात खोडाभोवतीचा बर्फ आधी वितळून गोल खळगा होतो आणि त्याची कड आतून पोकळ असते. तिच्यावर पाय देऊ नका, मांडीपर्यंत आत जाल.

बीचची साल गुळगुळीत असते, त्यामुळे अस्वलाच्या नखांचे ओरखडे तिच्यावर वर्षानुवर्षं राहतात. ताजा ओरखडा ओला आणि फिकट, जुना काळा आणि फुगीर. ताजा दिसला की मागे फिरा. पिशवीला घंटा बांधा, खाणं उघडं ठेवू नका. बीचच्या बिया दरवर्षी सारख्या येत नाहीत; ज्या शरदात त्या कमी, त्या शरदात अस्वलं वस्तीकडे उतरतात, तेव्हा दुप्पट सावध राहा.

मातागी या पारंपरिक शिकाऱ्यांपैकी कोणी वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या. ते डोंगराला देवीचं स्थान मानतात आणि रानात शिरल्यावर गावातले काही शब्द उच्चारत नाहीत.