मुलांसाठी ख्रिस्ती कार्यक्रम बनवणाऱ्या अमेरिकन संस्थेला देणगी देण्यापूर्वी तिचे हिशेब आणि उद्दिष्ट कसे तपासावे

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि पुढे खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक चालवले. त्या कामामागे समुद्रापलीकडच्या मंडळ्यांमध्ये जमा झालेल्या वर्गणीचा आधार होता. आज हेच काम अ‍ॅनिमेशन मालिका, रेडिओ नाटुकली आणि मोबाइल अ‍ॅप यांच्या रूपाने चालते, आणि अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही त्यासाठी आपल्या चर्चमार्फत किंवा थेट पैसे देतात. या देणगीत एक गोष्ट वेगळी असते. पैसे देणारा मोठा माणूस असतो आणि कार्यक्रम पाहणारे मूल असते. कार्यक्रम निकृष्ट निघाला किंवा मुळात पोहोचलाच नाही, तरी ते मूल तक्रार करायला येत नाही. म्हणून चौकशीचे काम देणाऱ्यानेच करावे लागते. पुढे दिलेली पद्धत अमेरिकेत नोंदलेल्या संस्थांसाठी आहे. तिला दोन संध्याकाळी पुरतात आणि पैसे लागत नाहीत.

पहिली पायरी: समोर नेमके कोण आहे ते ठरवा

मुलांसाठी ख्रिस्ती कार्यक्रम बनवणारा प्रत्येक जण धर्मादाय संस्था नसतो. १९९३ साली सुरू झालेली ‘व्हेजीटेल्स’ ही लोकप्रिय मालिका बनवणारी बिग आयडिया ही खासगी कंपनी होती. २००३ साली ती दिवाळखोरीत गेली आणि मालिकेचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले. अशा कंपनीकडून आपण वस्तू विकत घेतो, तिला देणगी देत नाही. त्यामुळे देणगीचे पान उघडण्याआधी संस्थेचा नऊ अंकी करओळख क्रमांक मिळवावा आणि अमेरिकेच्या अंतर्गत महसूल सेवेच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांच्या शोधात तो टाकून पाहावा. तेथे अमेरिकी करकायद्याच्या कलम ५०१ (सी) (३) खालील धर्मादाय संस्थेची मान्यता चालू आहे की रद्द झाली आहे, हे कळते. सलग तीन वर्षे विवरणपत्र न भरल्यास मान्यता आपोआप रद्द होते, आणि हे बहुतेक देणगीदारांच्या लक्षातही येत नाही.

तिसरी शक्यता अशी की संस्था कायद्याच्या दृष्टीने चर्च असेल. चर्चला वार्षिक विवरणपत्र भरण्यातून सूट आहे. १९८७ पासून मुलांसाठी रेडिओ नाट्यमालिका चालवणाऱ्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील फोकस ऑन द फॅमिली या मोठ्या संस्थेला गेल्या दशकात चर्चचा दर्जा मिळाला आणि तिच्यावरचे ते कायदेशीर बंधन उरले नाही. एवढ्यावरून कोणावर संशय घेऊ नये, पण मग पुढच्या पायऱ्यांवर लागणारी माहिती कायद्याने समोर येत नाही, ती मागावी लागते. अशा वेळी लेखापरीक्षकाच्या अहवालाची पूर्ण प्रत मागावी. वार्षिक अहवालातल्या रंगीत वर्तुळाकार आलेखावर समाधान मानू नये.

दुसरी पायरी: तीन वर्षांची विवरणपत्रे समोर ठेवा

इतर संस्थांसाठी मुख्य कागद म्हणजे फॉर्म ९९०, म्हणजेच वर सांगितलेले वार्षिक विवरणपत्र. संस्थेने आपली शेवटची तीन विवरणपत्रे मागणाऱ्या कोणालाही दाखवली पाहिजेत असा नियम आहे, शिवाय प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या विनामूल्य संग्रहात ती सहज सापडतात. जिची वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलरच्या आत असते, अशी छोटी संस्था फक्त एक लहानशी इलेक्ट्रॉनिक नोंद भरते. तिच्याबाबतीत संस्थाचालकांना प्रत्यक्ष भेटणे हीच खरी तपासणी. दोन लाख डॉलरपेक्षा कमी जमा आणि पाच लाखांपेक्षा कमी मालमत्ता असलेल्या संस्थांना संक्षिप्त फॉर्म चालतो. त्यापुढच्या सर्वांना पूर्ण फॉर्म भरावा लागतो.

एकाच वर्षाचा फॉर्म पाहून मत बनवू नये. मालिकेचे काम दोन-दोन, तीन-तीन वर्षे चालते. एका वर्षी मोठी देणगी येते आणि खर्च पुढच्या वर्षी होतो, त्यामुळे एकाच वर्षाचा आकडा संस्थेवर अन्याय करू शकतो किंवा तिला उगीच चांगली ठरवू शकतो.

तिसरी पायरी: खर्चाचा तक्ता ओळीओळीने वाचा

फॉर्मचा नववा भाग म्हणजे खर्चाचा तक्ता. त्यात चार रकाने असतात: एकूण खर्च, कार्यक्रमावरील खर्च, प्रशासन आणि निधी-संकलन. संस्था जाहिरातीत ‘प्रत्येक डॉलरमधले ८० सेंट मुलांच्या कामासाठी’ असे म्हणते, तेव्हा तो आकडा बहुधा दुसऱ्या रकान्याला पहिल्याने भागून काढलेला असतो. हा भागाकार आपणही करावा, पण तेथे थांबू नये.

याच तक्त्याच्या तळाशी, २६ व्या ओळीत, संयुक्त खर्च दाखवलेला असतो. एकाच पत्रात बायबलमधील वचन, प्रार्थनेचे आवाहन आणि देणगीचे पाकीट असेल, तर त्या पत्राच्या छपाईचा व टपालाचा काही भाग ‘कार्यक्रम’ म्हणून आणि काही भाग ‘निधी-संकलन’ म्हणून दाखवण्याची मुभा काही अटींवर हिशेबाच्या नियमांत आहे. समजा, संस्थेचा एकूण खर्च ४० लाख डॉलर आहे आणि कार्यक्रमावरील खर्च ३२ लाख, म्हणजे ८० टक्के. आता २६ व्या ओळीत पाहिले, तर कार्यक्रमाच्या रकान्यात संयुक्त खर्चापैकी १२ लाख बसवलेले दिसतात. ते बाजूला काढले की उरतात २० लाख, म्हणजे निम्मा खर्च. नियम मोडलेला नसतो. पण मुलांच्या पडद्यापर्यंत गेलेला पैसा आणि देणगीदारांच्या टपालपेटीपर्यंत गेलेला पैसा हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि आपल्याला पहिला हवा असतो.

बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या परीक्षण संस्थेच्या निकषानुसार एकूण खर्चापैकी किमान ६५ टक्के कार्यक्रमावर व्हावा आणि देणग्या मिळवण्यावरचा खर्च त्या देणग्यांच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. हे प्रमाण कामाला येते, तरी माझ्या मते त्याला फार मोठे स्थान देऊ नये. चांगला हिशेबनीस, बालसुरक्षेवर देखरेख करणारी व्यक्ती आणि वेळच्या वेळी होणारे लेखापरीक्षण यांचा खर्च प्रशासनाच्या रकान्यात पडतो, आणि ९५ टक्के कार्यक्रमावर खर्च करणारी संस्था नेमक्या याच गोष्टी टाळत असू शकते.

चौथी पायरी: माध्यम-संस्थेचे खास हिशेब समजून घ्या

अन्नछत्र किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थेपेक्षा येथील ताळेबंद वेगळा असतो. मालिकेच्या निर्मितीवर झालेला मोठा खर्च त्याच वर्षी खर्ची न टाकता मालमत्ता म्हणून दाखवला जातो आणि पुढील काही वर्षांत थोडाथोडा खर्ची पडतो. म्हणून ताळेबंदातील ‘निव्वळ मालमत्ता’ मोठी दिसली, तरी तिच्यात बँकेतली रोकड किती आणि तयार भागांची कागदोपत्री किंमत किती, हे वेगळे करून पाहावे. मालिका फारशी पाहिली जात नसेल, तर ती किंमत नियमानुसार कमी करावी लागते. लेखापरीक्षकाच्या टिपांमध्ये असे काही घडल्याची नोंद आहे का, ते शोधावे. रोकड आणि सहज मोडता येणाऱ्या गुंतवणुकींना महिन्याच्या सरासरी खर्चाने भागले की संस्था देणग्यांशिवाय किती महिने तग धरेल ते कळते. दोन महिन्यांचीही गंगाजळी नसलेल्या संस्थेने २६ भागांची नवी मालिका जाहीर केली असेल, तर ती पूर्ण होईल का, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

फुकट मिळालेल्या प्रक्षेपणवेळेचाही विचार करावा. एखाद्या वाहिनीने वेळ विनामूल्य दिली, तर तिची किंमत लेखापरीक्षित हिशेबात उत्पन्न आणि खर्च अशा दोन्ही बाजूंना येऊ शकते. फॉर्म ९९० मध्ये मात्र दान मिळालेली प्रक्षेपणवेळ उत्पन्नात धरत नाहीत. दोन कागदांतले आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नये, फरक कशामुळे आहे ते विचारावे.

सर्वांत जास्त दुर्लक्षित प्रश्न हक्कांचा आहे. पात्रे, गाणी आणि संहिता यांचे हक्क कोणाकडे आहेत? ते संस्थापकाच्या खासगी कंपनीकडे असतील आणि धर्मादाय संस्था त्या कंपनीला परवाना-शुल्क देत असेल, तर देणगीतून उभी राहिलेली पात्रे शेवटी एका कुटुंबाच्या मालकीची ठरतात. हे ताडण्यासाठी फॉर्म ९९० ला जोडलेल्या पुरवण्यांपैकी शेड्यूल एल पाहावे, ज्यात संस्थेशी हितसंबंध असलेल्या व्यक्तींबरोबरचे व्यवहार येतात, आणि शेड्यूल आर पाहावे, ज्यात संलग्न संस्था व कंपन्या येतात. फॉर्मच्या सातव्या भागात पदाधिकाऱ्यांचे वेतन आणि एक लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेणारे मोठे बाहेरचे कंत्राटदार दिलेले असतात. तेथील स्टुडिओचे नाव आणि संचालकांची आडनावे शेजारी ठेवून वाचावीत. सहाव्या भागात संचालक किती, त्यांतले स्वतंत्र किती आणि त्यांच्यात आपापसांत नाते किंवा धंद्याचे संबंध आहेत का, याची उत्तरे असतात. पती, पत्नी आणि मुलगा मिळून संचालक मंडळ झाले असेल, तर हिशेब कितीही नेटका असला तरी मी देणगी थांबवून ठेवीन.

पाचवी पायरी: उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड तपासा

फॉर्म ९९० च्या तिसऱ्या भागात संस्था आपले ध्येय आणि खर्चाने सर्वांत मोठे तीन कार्यक्रम सांगते. कोणता कार्यक्रम नव्याने सुरू केला, कोणता बंद केला किंवा मोठ्या प्रमाणात बदलला, हेही तेथेच विचारलेले असते. तीन वर्षांची ही पाने एकाखाली एक ठेवून वाचली, तर मुलांसाठी सुरू झालेली संस्था हळूहळू मोठ्यांच्या परिषदांकडे किंवा राजकीय प्रश्नांकडे वळली आहे का, ते लगेच दिसते.

पोहोचीचे आकडे फार सावधपणे घ्यावेत. ‘दहा लाख मुलांपर्यंत पोहोचलो’ या वाक्यात दहा लाख वेळा व्हिडिओ सुरू झाला, दहा लाख वेळा अ‍ॅप उतरवले गेले, वाहिनीच्या क्षेत्रात दहा लाख मुले राहतात किंवा खरोखर दहा लाख वेगवेगळ्या मुलांनी कार्यक्रम पाहिला, यांपैकी काहीही दडलेले असू शकते. एकच मूल आवडते गाणे दिवसात आठ वेळा लावते, हे घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून संस्थेला विचारावे: मोजणी कशाची केली, कोणी केली, भाग शेवटपर्यंत किती जणांनी पाहिला, आणि कोणत्या भाषांत? मुलांनी विश्वास स्वीकारल्याची संख्या संस्था देत असेल, तर ती कशी नोंदली आणि पुढे त्या मुलांशी स्थानिक मंडळीचा संपर्क राहिला का, हेही आदराने विचारावे. श्रद्धेची बाब आहे म्हणून हा प्रश्न टाळू नये. संख्या छापली की तिचे उत्तरदायित्वही येते.

मग दोन भाग स्वतः, आपल्या घरातल्या मुलाबरोबर बसून पाहावेत. संस्थेचे विश्वासाचे निवेदन आपल्या मंडळीच्या शिकवणीशी जुळते का, दुसऱ्या धर्माची माणसे कार्यक्रमात कशी रंगवली आहेत, भीती दाखवून उत्तर काढले आहे का, हे कोणत्याही फॉर्ममध्ये सापडणार नाही. भाग संपल्यावर मुलाला गोष्ट सांगायला लावावी आणि मध्ये बोलू नये.

अ‍ॅप असेल, तर त्याचे गोपनीयता धोरण वाचणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती ऑनलाइन घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते, परंतु ना-नफा संस्था साधारणपणे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे व्यापारी कंपनीला जे बंधन आहे, ते धर्मादाय संस्था स्वेच्छेने पाळते का, हे आपण पाहायचे असते. माझ्या दृष्टीने ही संस्थेच्या सचोटीची फार चांगली कसोटी आहे.

सहावी पायरी: पैसा भारतात येणार असेल तर

संस्था भारतीय भाषांतील ध्वनिमुद्रणासाठी पैसे मागत असेल, तर परदेशातील कामाची माहिती देणाऱ्या शेड्यूल एफ या पुरवणीत दक्षिण आशियात किती खर्च झाला ते पाहावे. भारतात तो पैसा घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच येतो, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. त्यामुळे ‘आमची भारतातली भागीदार संस्था तो पैसा पुढे गावोगावच्या मंडळ्यांना वाटते’ असे कोणी सांगितले, तर व्यवहार नीट समजून घ्यावा. कम्पॅशन इंटरनॅशनल या मोठ्या बालकार्य संस्थेला याच कायद्याखालच्या निर्बंधांमुळे २०१७ साली भारतातील काम बंद करावे लागले होते. म्हणून परवानगी अडली तर तुमची देणगी कुठे वापरली जाईल, हेही लेखी विचारून ठेवावे.

सातवी पायरी: शिक्का पाहा आणि पत्र लिहा

१९७९ साली स्थापन झालेली ईसीएफए ही इव्हँजेलिकल संस्थांना आर्थिक उत्तरदायित्वाचे प्रमाणपत्र देते. किमान पाच जणांचे आणि बहुसंख्य स्वतंत्र सदस्यांचे संचालक मंडळ ही तिची एक अट आहे. मिनिस्ट्रीवॉच आणि चॅरिटी नॅव्हिगेटर या परीक्षण संस्थांचेही गुणांकन मिळते. शिक्का असणे चांगले, पण ईसीएफए सदस्य संस्थांकडून शुल्क घेते, हे लक्षात ठेवून वरचे वाचन स्वतः करावेच.

शेवटी संस्थेला एक छोटे पत्र लिहावे. त्यात चारच प्रश्न असावेत: कार्यक्रमांचे हक्क कोणाकडे आहेत, संयुक्त खर्च किती, पोहोचीचा आकडा कसा काढला, आणि ताजा लेखापरीक्षण अहवाल मिळेल का. तीन आठवडे वाट पाहावी. उत्तर आले आणि ते फॉर्मशी जुळले, तर ठरवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा आधी द्यावा, पावतीबरोबर त्या वर्षीच्या फॉर्मची प्रत घरच्या फाइलमध्ये लावावी आणि पुढचे विवरणपत्र कधी येईल ती तारीख लिहून ठेवावी. आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेला ते देय असते, आणि संस्थेने मुदतवाढ मागितली तर आणखी सहा महिने लागतात. उरलेली रक्कम ते वाचून झाल्यावर पाठवावी.