टीमने चूक लपवू नये म्हणून मॅनेजरने काय करावं?

चुका सगळीकडेच होतात. प्रश्न असतो तो मॅनेजरला त्या कधी कळतात याचा. त्याच दिवशी कळली तर चूक निस्तरता येते. महिन्याभराने ग्राहकाच्या फोनवरून कळली तर फार उशीर झालेला असतो. लोकांनी वेळेत येऊन सांगावं असं वाटत असेल, तर सुरुवात मॅनेजरनेच करायला हवी.

१. पहिली पाच मिनिटं सांभाळा

"सर, एक गडबड झालीय" असं म्हणत कोणी आलं की "कोणी केलं?" हा प्रश्न गिळा. "लगेच सांगितलंत, बरं केलंत" म्हणा आणि मग विचारा, "आत्ता काय थांबवायला हवं?" टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो आणि प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्यालाच ओरडा बसू लागला, तर दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी हात लावणार नाही.

२. सगळ्या चुका एका मापाने मोजू नका

नवीन काही करून बघताना आलेलं अपयश वेगळं, पद्धतीतल्या त्रुटीमुळे झालेली चूक वेगळी आणि माहीत असून केलेली हयगय वेगळी. हयगयीला माफी नको, तेही टीमला आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांनाच वाटतं की इथे काहीही चालतं.

३. दोन दिवसांत आढावा घ्या

सगळं अवलंबून असतं ते या बैठकीवर. समजा, भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुन्या ड्रॉइंगवरून दोनशे नग कापले गेले. ऑपरेटरला मेमो दिला की विषय मिटल्यासारखा वाटतो, पण जुनं ड्रॉइंग मशीनपाशीच लटकत राहतं. त्याऐवजी घटनाक्रम फळ्यावर लिहा: नवं ड्रॉइंग कधी आलं, कोणाच्या मेलमध्ये आलं, प्रिंट कोणी काढायची होती, जुनी प्रिंट काढून टाकणं कोणाचं काम होतं. बहुतेक वेळा कळतं की ते कोणाचंच काम नव्हतं. ऑपरेटरला आधी बोलू द्या, साहेबांनी शेवटी बोलावं. साहेबांनी आधीच निष्कर्ष काढला की बाकीचे माना डोलावतात. बैठक संपताना एकच ठोस बदल ठरवा, त्याच्यापुढे नाव आणि तारीख लिहा.

४. वरचा मार स्वतः झेला

१० ऑगस्ट १९७९ रोजी इस्रोचं एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले ते अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८० रोजी प्रक्षेपण यशस्वी झालं, तेव्हा मात्र पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलामांना पुढे केलं. कलाम पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत राहिले. ग्राहकाच्या किंवा संचालकांच्या मेलला उत्तर देताना तुम्हीही हेच करा: "आमच्याकडून चूक झाली" असं लिहा, टीममधल्या कोणाचं नाव घालू नका.

५. प्रयोगाला आधीच मर्यादा घाला

किती पैसे, किती दिवस आणि काय दिसलं की थांबायचं, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. मग थांबणं लाजिरवाणं वाटत नाही.

६. अप्रेझलमध्ये खरे उतरा

वर्षभर "बिनधास्त सांगा" म्हणायचं आणि मार्चमध्ये त्याच चुकीवरून इन्क्रिमेंट कापायचं, असं एकदा जरी झालं तरी वरचं सगळं वाया जातं.

सुरुवातीच्या काही महिन्यांत नोंदवलेल्या चुकांचा आकडा वाढेल. घाबरू नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास करताना हेच दिसलं होतं: चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथले लोक त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलत होते. आपल्या वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिमाही आढाव्यात तो आकडा बघून तेच टीमला झापतील.