पोर कार्डवर सही करताय? साइटवरच्या या चुका टाळा

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, चौथ्या मजल्याचा स्लॅब. सकाळी अकराला सुरू व्हायचं काँक्रीट दुपारी तीन वाजले तरी सुरू नाही, गेटबाहेर तीन मिक्सर उभे, आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) फोनवर ओरडतोय की माल सेट व्हायला लागलाय, आणि मुकादमाने पोर कार्ड (काँक्रीट ओतायला परवानगी देणारा कागद) पुढे केलं. "साहेब सही मारा, स्टील तर कालच चेक केलंत ना." केलं होतं, खरंच केलं होतं, टेप लावून केलं होतं. पण ते काल. त्यानंतर इलेक्ट्रिकवाले पाइप टाकत त्याच सळयांवरून रात्रभर फिरले आणि सकाळी पंपाची पाइपलाइन बाल्कनीवरूनच ओढली, त्यामुळे बाल्कनीची वरची जाळी चेअरवरून (जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या तुकड्यांवरून) घसरून पार खाली शटरिंगला (काँक्रीटच्या साच्याला) टेकली होती. मी गेलो नाही बघायला. सही केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाल्कनी म्हणजे एका बाजूने धरलेला स्लॅब, तिथे ताण वरच्या अंगाला येतो म्हणून मेन सळई वर असते. तीच सळई तळाला गेली की कागदावर स्टील पूर्ण आहे, वजन बरोबर आहे, बिलही बरोबर आहे, पण ती सळई जिथे काम करायला हवी तिथे नाहीये. सेंट्रिंग (खालचा साचा आणि टेकू) खोललं आणि दोन दिवसांनी भिंतीच्या रेषेत, बाल्कनीच्या मुळाशी, वरून एक सरळ चीर दिसली, नखाएवढी सुद्धा नाही. मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी आरसीसी कन्सल्टंटला (सळई-काँक्रीटचं डिझाइन करणाऱ्याला) स्वतः फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली प्रॉप आहेत का आत्ता?" नव्हते. आधी प्रॉप (टेकू) लावले, मग कव्हर मीटर (काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे ते दाखवणारा) फिरवला, मग बाल्कनी तोडून परत केली. बोलणी भरपूर खाल्ली. पण त्या बाल्कनीत आज कुणीतरी कपडे वाळत घालत असेल, लहान मूल कठड्याला धरून उभं असेल, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

कॉलेजात एथिक्सचा पेपर होता, पास झालो. त्यात लाच, भ्रष्टाचार असलं मोठं मोठं होतं. साइटवर मात्र हा सगळा प्रश्न येतो तो एका सहीच्या रूपात, तेही घाईत, उन्हात, कुणीतरी पेन पुढे करून. आणि तुमच्या सहीचा अर्थ एकच होतो की मी हे पाहिलं. त्यामुळे खालच्या चुका मी त्याच दिशेने लिहितोय, नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी खास.

कालच्या चेकिंगवर आजची सही

स्टील, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), सेंट्रिंगचे सपोर्ट हे काँक्रीट पडायच्या आधी तासाभरात परत फिरून बघायचं, आदल्या दिवशीचं धरायचं नाही. सळयांवर चालायला फळ्या टाकायला लावा, पंपाची लाइन सळईवर नको, स्टँडवर हवी. सहीखाली तारीख टाकता तशी वेळही टाका, या एका सवयीने मला फार वाचवलंय कारण वेळ लिहिताना आपण खोटं लिहितोय का हे हाताला लगेच कळतं. एखादा भाग तयार नसेल तर पूर्ण स्लॅब अडवून भांडण करण्यापेक्षा कार्डवर स्पष्ट लिहा, "ग्रिड अमुक ते तमुक बाल्कनी वगळून मंजूर", आणि तिथे स्टॉपर (काँक्रीट अडवणारी फळी) लावून घ्या, पण स्टॉपर कुठे लावायचा हे मात्र कन्सल्टंटला विचारूनच, मनाने नाही.

हे फक्त नवीन बांधकामाचं नाही. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल पडला, ७ माणसं गेली. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, आणि ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीच सांगितली होती. पुढे ऑडिटरला अटक झाली, पालिकेच्या इंजिनिअरांवरही कारवाई झाली. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे म्हणून असले रिपोर्ट आता ढिगाने निघतात, आणि सोसायटीवाले फोनवर विचारतात की किती घ्याल आणि किती दिवसात द्याल. पायऱ्यांखाली, टेरेसच्या टाकीखाली, डक्टमध्ये स्वतः शिरल्याशिवाय, प्लास्टर ठोकून बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहू नका, मग फी कितीही असो.

क्यूबचे गोड रिझल्ट

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त खोटं इथेच चालतं आणि कुणाला ते खोटं वाटतसुद्धा नाही.

क्यूब म्हणजे ओततानाच्याच काँक्रीटचे साच्यात भरलेले ठोकळे, ते नंतर मशीनमध्ये दाबून फोडतात आणि ताकद बघतात. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे ४० घनमीटरच्या स्लॅबला चार सॅम्पल लागतात, एका सॅम्पलचे तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांचेच बारा झाले, सात दिवसांचे वेगळे. प्रत्यक्षात काय होतं, पहिल्याच मिक्सरमधून सगळे बारा भरून मोकळे होतात, किंवा त्याहून वाईट, बाजूला घमेल्यात दोन मूठ सिमेंट जास्त टाकून क्यूबचा माल वेगळाच बनवतात. त्याला साइटवर "क्यूबचा माल" असं नावच पडलंय. मग एम २५ चा (म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीच्या काँक्रीटचा) क्यूब ५६२.५ किलोन्यूटनला, म्हणजे साधारण ५७ टनाला फुटला पाहिजे तिथे ७५ टन घेतो आणि सगळे खूश.

खोटा रिपोर्ट ओळखायचा कसा, तर तो फार नीट असतो. खऱ्या तीन क्यूबमध्ये फरक असतोच, कोडमध्येसुद्धा सरासरीच्या अधिकउणे १५ टक्के फरक धरलेला आहे. मला एकदा एका प्रोजेक्टची जुनी फाइल चाळताना सलग दोन महिन्यांचे ताकदीचे रिझल्ट ३१.२, ३१.४, ३१.३, परत ३१.२ असे दिसले, पावसाळा असो की मे महिना, एकही २९ नाही एकही ३४ नाही. कुणीतरी ऑफिसात बसून लिहिलेले होते ते. नंतर कळलं की मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट संपून वर्ष झालं होतं आणि मशीन बंदच होतं.

आता क्यूब खरंच फेल गेला तर? घाबरायचं नाही आणि लपवायचं तर अजिबात नाही, फेल क्यूब म्हणजे गुन्हा नाही, ती माहिती आहे. आधी बघा क्यूब नीट भरला होता का, कोपरे तुटलेले, बाहेर उन्हात सुकलेला, टाकीत टाकलाच नाही असं काही आहे का. मग त्या दिवशीच्या चलनावरून (गाडीबरोबर येणाऱ्या पावतीवरून) तो मिक्सर स्लॅबच्या कुठल्या भागात ओतला ते शोधा (म्हणून चलनावर लोकेशन लिहून ठेवायचं, त्याच वेळी). कन्सल्टंटला लेखी कळवा, वरचा मजला थांबवायचा का हे त्यांना ठरवू द्या. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक ही न तोडता करायची पहिली चाचपणी, खरा निकाल कोअर (ड्रिलने कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढून लागतो, कमीत कमी तीन कोअर, सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको. त्यातही नाही बसला तर लोड टेस्ट, नाहीतर मजबुतीकरण, नाहीतर तोडणं. यातलं प्रत्येक पाऊल महाग आहे मान्य, पण इमारत उभी असताना, रिकामी असताना ते करता येतं.

"साइटवर बसत नाही, थोडं बदललं"

ड्रॉइंगप्रमाणे सळई बसत नाही, कॉलममध्ये पाइप येतोय, लॅप (दोन सळयांचा जोड) भलतीकडे घेतला, असले बदल रोज होतात आणि नव्वद टक्के वेळा खरंच काही होत नाही, म्हणूनच ही सवय धोक्याची आहे.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमध्ये १७ जुलै १९८१ ला लॉबीत टांगलेले दोन पादचारी पूल लोकांच्या अंगावर कोसळले, ११४ जण मेले. मूळ ड्रॉइंगमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही पूल छतापासून आलेल्या एकाच सलग रॉडला लटकवायचे होते. एवढ्या लांब रॉडला आटे पाडून मधे नट आणणं त्रासाचं म्हणून रॉडचे दोन तुकडे केले, खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला. दिसायला काहीच फरक नाही. पण विचार करा, विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला दोन माणसं वर खाली धरून आहेत ते वेगळं, आणि वरच्या माणसाच्या पायाला खालचा लटकलाय ते वेगळं. वरच्या बीमच्या नटावर दुप्पट लोड आला. त्यात मूळ जोडसुद्धा कोडपेक्षा कमजोरच होता. बदललेल्या शॉप ड्रॉइंगवर (कारखान्यात भाग बनवायच्या ड्रॉइंगवर) डिझाइन ऑफिसचा शिक्का होता, हिशोब मात्र कुणीच केलेला नव्हता, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलाय. त्या इंजिनिअरांचं मिझुरीतलं लायसन्स गेलं.

तेव्हा बदल कितीही छोटा वाटो, स्केच काढा, फोटो जोडा, कन्सल्टंटला पाठवा, उत्तर येईपर्यंत तो भाग बंद. फोनवर "चालेल" म्हणाले तर लगेच मेसेज टाका, "सर, आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक बीमला असं असं करतोय." समोरचा माणूस लेखी बघितलं की परत एकदा विचार करतो, हा अनुभव आहे.

पाणी आणि घाई

मिक्सरमध्ये पाइप सोडून पाणी मारणं, यावर वाद घालायचाच नाही, बंद. ६ घनमीटरच्या गाडीत ६० लिटर पाणी म्हणजे घनमीटरला १० लिटर, ३५० किलो सिमेंट असेल तर पाणी-सिमेंटचा रेशो ०.४५ चा ०.४८ होतो. ते साठ लिटर कुणी मोजत नाही म्हणून शंभर जातात. स्लम्प (काँक्रीटचा सैलपणा) कमी असेल तर आरएमसीच्या माणसाकडून अॅडमिक्स्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन) टाकून घ्या, नाहीतर गाडी परत.

सेंट्रिंग खोलायचं पण तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप सात दिवस, त्यावर चौदा, सहा मीटरपर्यंत बीम चौदा, त्यावर एकवीस, हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. आपल्याकडे आता बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) येतं, ते हळू ताकद धरतं, तेव्हा हे दिवस आणखी वाढवून घ्यायचे. घाईत काय होतं ते मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला बघितलंय आपण, वर मजले चढतायत आणि खाली लोक राहायला आलेत अशी बेकायदा इमारत पडली, ७४ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं.

चूक झाली, आता सांगू कसं

न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प सेंटरचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लमेझ्युरिए. इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली, १९७८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून त्यांनी परत हिशोब मांडला तेव्हा कळलं की तिरक्या वाऱ्यात जोडांवर धरल्यापेक्षा जास्त ताण येतो, आणि वेल्डिंगऐवजी बोल्टचे जोड झालेत. ते स्वतः मालकाकडे गेले, आणि रात्री रात्री काम करून जोडांवर पोलादी प्लेटा वेल्ड केल्या. इथपर्यंत सलाम. पण आसपास राहणाऱ्यांना खरं काय ते सांगितलं नाही, ते १९९५ मध्ये बाहेर आलं, आणि माझ्या मते तो भाग चुकलाच, कारण धोका ज्याच्या डोक्यावर आहे त्याला कळायलाच हवं.

आपल्या पातळीवर क्रम सोपा आहे. आधी जागा सुरक्षित करा, प्रॉप लावा, माणसं हलवा, बॅरिकेड करा. मग वरिष्ठांना आणि कन्सल्टंटला एकाच वेळी कळवा. काय दिसलं, कुठे, कधी, फोटो, आणि माझी सही यावर आहे हेही त्याच मेलमध्ये. "बहुतेक", "किरकोळ" असले शब्द नकोत, चिरेची रुंदी मोजून लिहा. हनीकोम्ब (काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्या) दिसला की मिस्त्री लगेच प्लास्टर मारायला धावतो, त्याला थांबवा, आधी फोटो आणि तपासणी, मग ग्राउटिंग (पोकळीत दाबाने सिमेंटचा रस भरणं).

वरचे ऐकत नसतील तर हे अवघड आहे, खोटा धीर देत नाही. चॅलेंजर यानाच्या रबरी ओ-रिंगबद्दल रॉजर बॉइसजॉली या इंजिनिअरने जुलै १९८५ मध्येच कंपनीला लेखी धोका कळवला होता, उड्डाणाच्या आदल्या रात्रीही विरोध केला, ऐकलं नाही, २८ जानेवारी १९८६ ला ७ जण गेले. आणि आपल्याकडे सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनिअर, सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, ते नाव राहिलं नाही गुप्त, २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. म्हणून एकट्याने शूर व्हायला जाऊ नका. कन्सल्टंट, सेफ्टीवाले, क्लाएंटचा इंजिनिअर यांना सोबत घ्या, कागदाची कॉपी साइटच्या बाहेर ठेवा, घरी एकाला तरी माहीत असू द्या. पण जीवाला धोका दिसतोय आणि सगळे गप्प आहेत अशा ठिकाणी सही मात्र द्यायची नाही, नोकरी गेली तर दुसरी शोधू.

दिवाळीचा डबा

ड्रायफ्रूटचा डबा घ्यायचा की नाही यावर मी आता वाद घालत नाही, घेत नाही. ज्याच्या कामाचं एमबी (मोजमापाची वही) मी लिहितो त्याच्याकडून चहा पलीकडे काही नको. पुढच्या आरए बिलाला (चालू कामाच्या बिलाला) दोन घनमीटर जास्त दिसले तर मला मोकळेपणाने खोडता आले पाहिजेत, एवढंच.

नोकरी सोडताना

हे कुणी सांगत नाही. शेवटच्या आठवड्यात सगळे केक कापतात आणि उघडे राहिलेले मुद्दे तसेच जातात. कुठल्या कॉलमचा २८ दिवसांचा रिझल्ट यायचा बाकी आहे, कुठे ग्राउटिंग राहिलंय, कुठला बदल कन्सल्टंटने मंजूर करायचाय, याची यादी करून नवीन माणसाला साइटवर नेऊन प्रत्येक जागेसमोर उभं करून दाखवा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. मागच्या वेळी माझी यादी चौदा मुद्द्यांची होती, त्यातला नववा बेसमेंटच्या भिंतीतल्या एका ओल्या डागाचा, माझ्या जागी आलेल्या मुलीने तिथेच गुडघ्यावर बसून खडूने गोल केला आणि आजची तारीख लिहिली.