रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी कशी निवडावी

घर कोल्हापुरात आणि नोकरी सांगली, कराड, निपाणी किंवा गडहिंग्लजला, असे रोजचे जाणे-येणे ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांचा सहा-सात वर्षांत इंधनावर होणारा खर्च बहुधा गाडीच्या किमतीएवढा भरतो. अशा वापरासाठी हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या गाडीचा आग्रह मी धरणार नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून संथ गतीत वापरणे हे तिचे बलस्थान आहे. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावताना तो लाभ बराच घटतो, किंमत मात्र पुष्कळ वाढलेली असते. साधी पेट्रोल, सीएनजी किंवा डिझेल गाडी नीट निवडली तर काम चोख होते.

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी कागदावर वर्षाचा हिशेब मांडावा. कोल्हापूर-सांगली जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर आणि महिन्याला कामाचे २५ दिवस धरले, तर वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. त्यासाठी १४ चे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी सुमारे २,१४० लिटर पेट्रोल घेते, १८ ची १,६७०, २२ ची १,३६० आणि २६ ची १,१५० लिटर. अ‍ॅव्हरेज दर वेळी चारनेच वाढले, पण वाचलेले पेट्रोल अनुक्रमे ४७०, ३१० आणि २१० लिटर असे उतरत गेले. म्हणून १४ ची जुनी गाडी बदलण्यात जेवढा फायदा आहे, तेवढा २२ सोडून २६ च्या मागे लागण्यात नाही. लिटरला १०५ रुपये दर धरला तरी या शेवटच्या टप्प्यात वर्षाला २२,००० रुपयेच वाचतात, आणि तेवढ्यासाठी मजबूत सांगाडा किंवा पाठीला आराम देणारी सीट सोडावी, असे मला मुळीच वाटत नाही.

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक क्रमाने आणि एसी बंद ठेवून गाडी चालवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. आपल्या खिशाचा अंदाज बांधायला नाही. उदाहरणार्थ, २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्ट आणि डिझायरच्या पेट्रोल मॅन्युअल गाड्यांचा प्रमाणित आकडा लिटरला २४.८ किलोमीटरच्या आसपास आहे, पण रोजच्या हिशेबात १९ ते २१ धरणे शहाणपणाचे. शिवाय आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. आपल्याच भागातले साखर कारखाने ज्याची निर्मिती करतात, त्या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या गाडीचा मालक आपले पूर्वीचे अ‍ॅव्हरेज सांगतो तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवावी.

यापुढचा प्रश्न रस्त्याचा, आणि माझ्या मते निवड येथेच ठरते. कराडला जाणाऱ्याची गाडी बहुतांश महामार्गावर धावते. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. उंच, रुंद एसयूव्हीला हा भार अधिक सोसावा लागतो. त्याच इंजिनाची बुटकी हॅचबॅक किंवा सेडान तेथे सहज पुढे राहते. पावसाळ्यासाठी उंच गाडी हवी, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा रस्ताच बंद करावा लागला होता. वर्षातल्या त्या थोड्या दिवसांसाठी रोज जादा इंधन जाळण्यात अर्थ नाही, आणि पुराच्या पाण्यात तर कोणतीच गाडी घालू नये.

सांगलीच्या वाटेवरचे चित्र वेगळे आहे. गळीत हंगामात हातकणंगले ते जयसिंगपूर या पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, मागच्या ट्रॉलीतून उसाचे शेंडे बाहेर लोंबत असतात, आणि चाळीसच्या आतल्या वेगातून गाडीला झटकन उचल घेऊन पुढे निघायचे असते. तेथे इंजिनाला खालच्या फेऱ्यांत पिकअप नसेल, तर चालक सतत तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणत राहतो आणि कागदावरचे अ‍ॅव्हरेज तेथेच सांडते. एक लिटरचे छोटे इंजिन गावात काटकसरीचे असले, तरी अशा रस्त्यासाठी मी १.२ लिटरचे घेईन. टर्बो पेट्रोल इंजिन शांतपणे चालवले तर ठीक. सारखे दामटले की ते भरपूर पेट्रोल पिते. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज मॅन्युअलच्या बरोबरीने पडते, मात्र गिअर बदलताना ती क्षणभर थबकते, त्यामुळे ओव्हरटेक करताना तिला मॅन्युअल मोडवर घेण्याची सवय लावून घ्यावी.

आता इंधनाचा प्रकार. वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणाऱ्यासाठी सीएनजीचे गणित सर्वांत स्वच्छ जमते. किलोला ९० रुपये दर आणि २६ किलोमीटरचे प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे १,०४,००० रुपये येतो. २० चे अ‍ॅव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच धावेस १,५७,५०० रुपये लागतात. सीएनजी गाडीची जादा किंमत साधारण लाखाच्या आत असते, म्हणजे ती दोन वर्षांत वसूल होते. त्या बदल्यात काय सोसावे लागेल, हेही आधी पाहावे. ६० लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलोच वायू मावतो, त्यामुळे सांगलीला जाणाऱ्याला एक दिवसाआड पंपावर जावे लागते, आणि पंपावर दाब कमी असेल तर टाकी पुरती भरतही नाही. आपल्या वाटेवर, जाण्याच्या बाजूलाच पंप आहे का आणि सकाळी आठ वाजता तेथे किती रांग असते, हे स्वतः उभे राहून बघावे. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. डिकी लागत असेल तर दोन लहान टाक्या खाली बसवलेली रचना टाटा आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत मिळते. गगनबावड्याच्या बाजूने घाट चढणाऱ्याला सीएनजीवर ताकद कमी पडल्याचे जाणवेल.

डिझेल अजूनही महामार्गाचे इंधन आहे, पण लहान गाड्यांत पर्याय थोडे उरले आहेत. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केले. अल्ट्रोझ, नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३एक्सओ या चार मीटरच्या आतल्या गाड्यांत ते मिळत आले आहे. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर तापून स्वच्छ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. कराडच्या फेरीत ते आपोआप होते. राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी एवढ्याच धावेत तो तुंबतो आणि दुरुस्ती महाग पडते. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा रस्ता करही पेट्रोलपेक्षा जास्त आहे, सीएनजीवरचा दोन्हींपेक्षा कमी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या एका चकरेवर उरकू नये. महामार्गावर किणीच्या दिशेने गाडी न्यावी, एसी चालू ठेवावा, चौघांना बसवावे. ८० च्या वेगात सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा दोन हजारांच्या आसपास स्थिर राहत असेल तर ते इंजिन लांब पल्ल्याला सुखाचे. तीन हजारांकडे झुकत असेल तर रोज दोन तास तो आवाज आणि ते इंधन दोन्ही सोसावे लागेल. सुरक्षेचे तारेही त्याच बैठकीत विचारावेत. २०२४ च्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, तेव्हा चांगले अ‍ॅव्हरेज हवे तर कच्च्या बांधणीची गाडी पत्करावी लागते, ही समजूत आता धरून ठेवू नये.

ओळखीच्या मालकाला अ‍ॅव्हरेज विचारताना डॅशबोर्डवरचा आकडा मानू नये, तो बहुधा चढा असतो. त्याला एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायला सांगावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि पुढच्या वेळी तशीच टाकी भरून धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरनी भागावेत. असे दोन-तीन वेळा केले की खरा आकडा हाती येतो. स्वतःच्या नव्या गाडीचा हिशेब मात्र पहिले काही हजार किलोमीटर इंजिन मोकळे होईपर्यंत थांबवावा, आणि तोवर टायरमधली हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीत लिहिलेल्या दाबाप्रमाणे भरून घ्यावी.