क्लोन फाइलसिस्टमच्या टेस्टचे शेल हेल्पर तपासताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगावात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणून साचलेले रिव्ह्यू मी त्या दिवसांत उरकतो. त्यातच अमळनेरच्या एका पोराचा शेल हेल्पर होता, म्हणजे टेस्टमधली नेहमीची कामं करून देणारं शेल फंक्शन. इमेज फाइलवर (डिस्कसारखी वापरता येणारी साधी फाइल) फाइलसिस्टम बनवायची, तिची हुबेहूब प्रत म्हणजे क्लोन काढायची, दोन्ही एकाच वेळी माउंट करायच्या, म्हणजे एकेका डिरेक्टरीला जोडायच्या, आणि फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले आकडे) जुळतात का ते पाहायचं, एवढंच काम. फोनवर गडी खुशीत होता. "टेस्ट पास व्हई गई, दादा!"

झाली होती खरी. पण दोन्ही माउंट पॉइंटवर एकच डिव्हाइस बसलं होतं. टेस्ट मूळ फाइलसिस्टमची तुलना तिच्याशीच करत होती. चेकसम जुळणार नाहीत तर काय होणार?

यूयूआयडीने माउंट करणं

त्याने दोन्ही वेळा माउंटला यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टममध्येच लिहिलेला तिचा ओळख क्रमांक, दिला होता. एरवी ही चांगली सवय आहे, कारण डिव्हाइसचं नाव बदलतं आणि यूयूआयडी बदलत नाही. पण क्लोन म्हणजे ब्लॉकन्‌ब्लॉक तीच प्रत, त्यामुळे यूयूआयडीही तोच. डिस्क-बाय-यूयूआयडी या डिरेक्टरीतली लिंक दोघांपैकी एकाकडेच बोट दाखवू शकते, आणि ती कोणाकडे दाखवेल याचा भरवसा टेस्टने धरू नये. क्लोनच्या टेस्टमध्ये डिव्हाइसचा थेट पाथच वापरायचा.

तरीही नुसत्या पाथवर माझं समाधान होत नाही. रावेर-यावलकडे केळीची टिश्यू कल्चरची रोपं ट्रेमधून येतात, सगळी एकासारखी एक. कुठलं कुठल्या ओळीत गेलं हे नंतर सांगायचं असेल तर लावतानाच खूण करावी लागते. इथेही तेच. प्रत काढण्याआधी मुळात एक फाइल ठेवा, ती प्रतीत दिसली पाहिजे. मग दोन्ही माउंट झाल्यावर फक्त प्रतीत दुसरी फाइल लिहा, ती मुळात दिसता कामा नये. पहिली तपासणी सगळे करतात, दुसरी विसरतात. त्या पोराचा घोटाळा दुसरीने पहिल्याच दिवशी पकडला असता.

काही जण यासाठी स्टॅट कमांडने मिळणारा फाइलसिस्टम आयडी पाहतात. तो कामाचा नाही. एक्स्ट-फोर ही लिनक्सची फाइलसिस्टम हा आकडा यूयूआयडीवरून काढते, म्हणून क्लोनचाही तोच येतो. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम तो डिव्हाइसच्या क्रमांकावरून काढते, म्हणून वेगळा येतो. एकीवर बरोबर असलेली अपेक्षा दुसरीवर चूक ठरते.

एक्सएफएसचा नकार गिळून टाकणं

त्याच यूयूआयडीची एक्सएफएस आधीच माउंट असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) दुसरीला सरळ नकार देतो आणि डुप्लिकेट यूयूआयडी असल्याचं लॉगमध्ये लिहितो. त्यावर नो-यूयूआयडी हा माउंट पर्याय आहे. हेल्पर लिहिणारे तो सरसकट सगळीकडे चिकटवतात. मग दोन गोष्टी होतात. एक्स्ट-फोर हा पर्याय ओळखत नाही, त्यामुळे तिथे माउंटच फसतं. आणि एक्सएफएस नकार देते की नाही, ही तपासण्याजोगी गोष्ट कधी तपासलीच जात नाही. पर्याय फाइलसिस्टमचा प्रकार बघून द्या आणि नकाराची टेस्ट वेगळी ठेवा.

त्या नकाराच्या टेस्टमध्येही 'माउंट फसलं म्हणजे पास' असं लिहू नका. माउंट पॉइंटची डिरेक्टरी बनवायची राहिली तरी माउंट फसतंच. कर्नलच्या लॉगमध्ये योग्य कारण आलंय का ते बघा, आणि तेही टेस्ट सुरू झाल्यानंतरच्या ओळींत. कालच्या रनची ओळ पाहून खूश व्हायचं नाही.

प्रत चुकीच्या वेळी काढणं

माउंट असलेल्या, लिहिणं चालू असलेल्या फाइलसिस्टमची डीडी या कॉपी कमांडने प्रत काढली तर अर्धं जुनं, अर्धं नवं हाती येतं. अनमाउंट करून प्रत काढणं सगळ्यात सोपं. चालू अवस्थेतच हवी असेल तर लिहिणं तात्पुरतं थांबवणारी एफएस-फ्रीझ कमांड वापरा. मात्र एक मेख आहे: फ्रीझ करताना एक्सएफएस आपला लॉग (डिस्कवरची बदलांची नोंदवही, कर्नलचा लॉग नव्हे) मुद्दाम स्वच्छ ठेवत नाही, म्हणजे मधेच मशीन पडलं तरी पुढच्या माउंटला रिकव्हरी व्हावी. त्यामुळे अशा प्रतीचा यूयूआयडी एक्सएफएस-ॲडमिन या कमांडने लगेच बदलायला गेलात तर ते ऐकत नाही. आधी नो-यूयूआयडी देऊन एकदा माउंट करा, लॉग रिप्ले होऊ द्या, अनमाउंट करा, मग यूयूआयडी बदला.

इमेजचा आकारही बघून घ्या. एक्सएफएसप्रॉग्स या एक्सएफएसच्या साधनसंचाच्या ५.१९ आवृत्तीपासून ३०० एमबीपेक्षा लहान एक्सएफएस बनवायला एमकेएफएस ही फाइलसिस्टम बनवणारी कमांड नकार देते. एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टम टेस्टच्या चौकटीत ही अट शिथिल होते, म्हणून तिथे चालणारा हेल्पर सुटा चालवला की अडतो.

बीटीआरएफएससाठी कर्नलची आवृत्ती तपासणं

कर्नल ६.७ पासून, एकाच डिव्हाइसवरच्या बीटीआरएफएस या तिसऱ्या फाइलसिस्टमचा क्लोन मूळ माउंट असताना माउंट केला तर त्याला मेमरीपुरता तात्पुरता एफएसआयडी (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) मिळतो. एकाहून जास्त डिव्हाइस असतील तर ही सोय नाही. हेल्परमध्ये '६.७ पेक्षा मोठी आवृत्ती आहे का' असं विचारू नका, डिस्ट्रो जुन्या कर्नलमध्ये नव्या सोयी आणून बसवतात. कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या सिसएफएसमध्ये बीटीआरएफएसच्या फीचर्सखाली टेम्प-एफएसआयडी नावाची फाइल असते, ती आहे का ते बघा. नसेल तर टेस्ट फेल नाही, स्किप करा. शिवाय तात्पुरता आयडी नंतर माउंट होणाऱ्याला मिळतो. माउंटचा क्रम उलटला की तो मुळाच्या गळ्यात पडतो.

डॉलर-कंसात हेल्पर बोलावणं

आता खरं दुखणं. हेल्पर लूप डिव्हाइस (इमेज फाइल डिस्कसारखी दाखवणारं डिव्हाइस) बनवतो, त्याचं नाव एको करतो, म्हणजे छापतो, आणि टेस्ट ते डॉलर-कंसात पकडते. दिसायला सुटसुटीत. पण डॉलर-कंस म्हणजे सबशेल, शेलची वेगळी चालणारी प्रत. हेल्परने आत 'नंतर साफ करायच्या डिव्हाइसच्या' ॲरेमध्ये नाव जोडलं, तर ती नोंद सबशेलबरोबरच संपते. बाहेरचा ॲरे रिकामा, आणि क्लीनअप रिकाम्या यादीवरून इमानदारीत फिरून येतं.

हेल्परने आतून फेल म्हणून एक्झिट केलं तरी फक्त सबशेल मरतो, टेस्ट पुढे चालू. कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट-ई' वाचवेल म्हणाल, तर लोकल (व्हेरिएबल फंक्शनपुरतं ठेवणारी कमांड) आणि असाइनमेंट एकाच ओळीत असली की लोकलचा स्वतःचा एक्झिट कोड शून्य येतो आणि आतलं अपयश झाकलं जातं. लोकल एका ओळीत, असाइनमेंट दुसऱ्या ओळीत लिहा. त्यात भर म्हणजे एमकेएफएसची बडबडही त्याच स्टँडर्ड आउटपुटवर आली, तर डिव्हाइसच्या नावाऐवजी चार ओळींचा निबंध हातात येतो.

मी हल्ली व्हेरिएबलचं नाव हेल्परला देतो आणि तो नेमरेफने (नाव देऊन दुसऱ्याच व्हेरिएबलमध्ये लिहायची बॅश शेलची सोय) त्यातच उत्तर भरतो. त्यासाठी बॅश ४.३ किंवा त्यापुढची लागते. सबशेल नाही, तर हे तिन्ही त्रास नाहीत.

लूप डिव्हाइस घेताना आधी मोकळं शोधायचं आणि मग जोडायचं असं दोन पायऱ्यांत करू नका, मधल्या वेळात दुसरी टेस्ट ते पळवते. लूप डिव्हाइस जोडणाऱ्या-सोडणाऱ्या लोसेटअप कमांडला फाइंड आणि शो हे पर्याय एकत्र द्या. सोडवतानाही आधी अनमाउंट, मगच डिटॅच. डिव्हाइस वापरात असेल तर लोसेटअप एरर देत नाही. शेवटचा वापर सुटेपर्यंत थांबायची नोंद करून यशस्वी म्हणून परत येतं. त्या पोराला मी त्याच्या मशीनवर सगळी लूप डिव्हाइस छापायला सांगितली. फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, स्क्रीन पुरत नाहीये."