उमलिंग ला: जळगावहून निघताना

आपलं जळगाव साधारण 700 फुटांवर, उमलिंग ला ही लडाखमधली खिंड 19,000 च्या वर. म्हणून भाऊ, घाई करू नका. लेह 11,500 फुटांवर आहे. तिथं पहिले दोन दिवस नुसतं लोळा, पाणी प्या. मग हानले गावात मुक्काम. तिथून पहाटे खिंड गाठायची, फोटो काढून लगेच खाली. डोकं ठणकून उलटी झाली तर वर जायचंच नाही. मी हट्ट केला, मित्रांनी धरून उतरवला. परवान्याच्या चार झेरॉक्स ठेवा. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड घ्या. केळीचे वेफर्स मात्र डब्यात न्या. वर हवेचा दाब कमी, माझं वेफर्सचं पाकीट उशीसारखं फुगलं अन् स्वेटरांतच फुटलं. मार्चपर्यंत स्वेटरला तिखटाचा वास होता.