स्विमिंग पूल असलेलं घर घेताय? आधी पूलचं गेट उघडून सोडून बघा

मी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये पूल सेफ्टी इन्स्पेक्टर आहे. आपल्या माणसांच्या घरी तपासणीला गेलो की आधी चहाचं विचारतात, आणि मी म्हणतो, ताई, चहा नंतर, आधी गेट.

तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. गेट पूर्ण उघडून हात काढून घ्या. ते आपोआप मिटून खटका बसला पाहिजे. मग अर्धं उघडून सोडा. शेवटी खटक्याला जेमतेम टेकलेलं असताना सोडा. बरीच गेटं या तिसऱ्या वेळी नापास होतात. पूर्ण उघडल्यावर धाडकन लागतात, पण दोन बोटांची फट राहिली की तिथंच थांबतात, आणि लहान मुलाला तेवढी फट पुरते. बिजागरीची स्प्रिंग घट्ट करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. गेट पूलच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडायला हवं. खटका उघडायची मूठ बाहेरच्या जमिनीपासून 1500 मिमी उंचीवर असली की लहान मुलाचा हात पोचत नाही.

कुंपणाची उंची किमान 1200 मिमी, तीही बाहेरच्या जमिनीपासून मोजलेली. बाहेर माती किंवा पालापाचोळा साचला की उंची कमी भरते. खालची फट आणि दोन गजांमधलं अंतर 100 मिमीच्या वर नको. ब्रिस्बेनच्या उन्हाळी पावसात कुंपणाखालची माती वाहून जाते, म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर एकदा वाकून बघाच.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. कुंपणाच्या बाहेर 900 मिमीच्या पट्ट्यात पाय ठेवून चढता येईल असं काहीही नको. 10 मिमीपेक्षा जास्त पुढे आलेली कडसुद्धा पायरीच धरली जाते. आपल्या घरांत तिथं हमखास काय असतं? तुळशीची कुंडी. मागच्या अंगणात ऊन चांगलं येतं म्हणून ती कुंपणाला लागून ठेवलेली असते, शेजारी पाण्याची बादली आणि आजींची प्लास्टिकची खुर्ची. चार वर्षांचं मूल कुंडीच्या काठावर उभं राहिलं की हात थेट वरच्या दांडीला लागतो. तुळस अंगणात दुसरीकडे हलवा. आंब्याची फांदी त्या पट्ट्यात येत असेल तर छाटा. कुंपण गजांचं असेल तर आतल्या बाजूलाही 300 मिमी जागा मोकळी हवी, कारण पाय गजांमधून आत जातो.

शेजाऱ्याकडची हद्दीची भिंत हेच पूलचं कुंपण असेल तर ती तुमच्या बाजूनं 1800 मिमी हवी, आणि वरून खाली 900 मिमीपर्यंत पाय ठेवायला काही नको. लाकडी कुंपणाच्या आडव्या पट्ट्या तुमच्या बाजूला असतील तर त्यांच्यावर उतरत्या लाकडी फळ्या ठोकून घेता येतात. घरातून थेट पूलकडे उघडणारं दार चालत नाही, मग त्याला कितीही कुलपं लावा.

फुगवायच्या पूलबद्दल फार गैरसमज आहे. त्यात 300 मिमी खोल पाणी मावत असेल, किंवा 2000 लिटरपेक्षा जास्त, किंवा त्याला फिल्टर असेल, तर त्यालाही पूर्ण कुंपण लागतं. दुकानातून आणताना खोक्यावरची खोली वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात: क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, प्रत्येक पूलची सरकारी नोंदणी लागते, आणि जुन्या पूलनाही 30 नोव्हेंबर 2015 पासून हेच नियम लागू आहेत. घर भाड्यानं देताना पूल नियमात बसतो असं प्रमाणपत्र आधी हवं. स्वतंत्र घराच्या पूलचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. विकणाऱ्यानं ते दिलं नाही तर घेणाऱ्याला 90 दिवसांत काढावं लागतं, म्हणून सौदा करतानाच विचारा. सिडनी-मेलबर्नचे नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी आपल्या कौन्सिलकडे चौकशी करावी. तपासणीत नापास झालात तर तीन महिन्यांच्या आत दुरुस्ती करून त्याच इन्स्पेक्टरला परत बोलवायचं.

आणि पुण्या-नाशिकहून आई-बाबा नातवंडांकडे आले की पहिल्याच दिवशी त्यांना गेटपाशी न्या. कपडे वाळत घालताना हात मोकळे राहावेत म्हणून गेटला वीट लावून ठेवायची नाही, असं स्पष्ट सांगा. तो कायद्यानं गुन्हा आहे. पूलजवळचा सीपीआरचा (छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन जीव वाचवण्याचा) फलक त्यांना मराठीत समजावून सांगा, आणि आणीबाणीत 000 लावायचा, हे फोनमध्ये त्यांच्या देखत टाकून द्या.